बाहत्तर पायऱ्यांचा गृहस्थ

इमारतीला नाव आहे, विंगेला अक्षर आहे, प्रत्येक दाराला आकडा आहे. जिन्याला काहीच नाही. पत्ता सांगताना लोक त्याचा उल्लेख करतात, तोही तक्रारीच्या सुरात: "चौथा मजला आहे हं, लिफ्ट नाही." ज्याच्याशिवाय वर पोचताच येत नाही त्याचं नावही न घेता जे नाही त्याचं नाव घ्यायचं, अशी ही ओळख.

डोंबिवलीत सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या तळमजला अधिक चार मजली इमारतींत कधी गेला असाल, तर तुम्ही याला भेटलेले आहात. शहाबादी फरशीच्या पायऱ्या, मधोमध झिजून जराशा खोलगट झालेल्या. भिंतीला खांद्याच्या उंचीपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा, रंग बहुतेक तपकिरी, कारण त्यात डाग दिसत नाहीत. त्याच्या वर चुना, आणि चुन्यावर कोळशानं काढलेले तीन स्टंप. वळणावर सिमेंटची जाळी. तिच्यातून ऊन येतं, पावसाची झड येते आणि कबुतरं येतात. लोखंडी गजांचा कठडा, वर लाकडी पट्टी. नऊ पायऱ्या, वळण, पुन्हा नऊ पायऱ्या, मजला. असे चार मजले, बाहत्तर पायऱ्या.

नऊ हा आकडा उगाच आलेला नाही. पायऱ्या विषम असाव्यात, उजवं पाऊल टाकून चढायला लागलं की शेवटच्या पायरीवरही उजवंच पाऊल पडावं, यावर आपल्याकडे बिल्डर आणि आजी यांचं एकमत असतं. बाकीची मापं मात्र फार लांबून आलेली. फ्रांस्वा ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदानं सतराव्या शतकात माणसाच्या चालीवरून एक हिशेब मांडला: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पायरीची रुंदी मिळून माणसाचं एक पाऊल भरलं पाहिजे. आजच्या मापात ही बेरीज 60 ते 65 सेंटिमीटरच्या आसपास येते. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनं राहत्या घरांच्या जिन्याला उंची जास्तीत जास्त 190 मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी 250 मिलिमीटर सांगितली आहे. बेरीज करून पाहा. 630 मिलिमीटर. पॅरिसच्या माणसाचं पाऊल डोंबिवलीच्या फरशीवर अगदी बरोबर बसतं.

याच्या गोतावळ्यात सगळेच असे मापात वागणारे नाहीत. पुण्याच्या जुन्या वाड्यांतला, भिंतीच्या पोटात दडवलेला जिना म्हणजे तिरसट चुलता. अंधारा, अंगावर येणारा, वरून लोंबणारा दोर धरल्याशिवाय चढू न देणारा. पर्वतीवरचा त्याच्या अगदी उलट. 103 पायऱ्या, पण इतक्या ऐसपैस आणि बुटक्या, की हत्तीसुद्धा चढत असं सांगतात. पहाटे तिथे देवदर्शनाला येणाऱ्यांच्या बरोबरीनं फेऱ्या मोजणारे भेटतात, आणि देवासमोर हात जोडतानाही ते मनातल्या मनात आकडा धरून ठेवतात. गिरगावच्या चाळीतला लाकडी जिना बोलका. रात्री उशिरा कोण आलं ते सगळ्या मजल्याला करकरून सांगणारा. आमचा हा सिमेंटचा गृहस्थ त्या मानानं मितभाषी.

पण ऐकायला पक्का. पावलांवरून माणूस ओळखावा तो यानं. पेपर टाकणारा मुलगा दोन-दोन पायऱ्या घेत वर जातो आणि उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या गाळून उडी मारतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका कठड्याला किल्ली घासत चढतात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवतात, वळणावर थांबतात, पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतात आणि समोरून येणाऱ्याला विचारतात, "काय रे, आज लवकर?" थांबलेल्या असतात त्या दमल्या म्हणून, पण विचारपूस सुरू केली की दम खायला कुणी नाव ठेवत नाही.

याची दुसरी खोड म्हणजे तोंडदेखलं बोलणं याला जमत नाही. घरातला आरसा प्रकाश पाहून बोलतो आणि वजनकाटा गालिच्यावर सरकवला की आकडा बदलतो. जिन्याकडे तशी सवलत नाही. पहिल्या मजल्यापर्यंत माणूस फोनवर ऐटीत बोलत असतो. दुसऱ्यावर वाक्यं आखूड होतात. तिसऱ्यावर नुसते हुंकार उरतात आणि चौथ्यावर "जरा थांब, करतो परत फोन." मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर सुटलेलं वाक्य यंदा दुसऱ्यावरच सुटत असेल, तर ते सांगायला वेगळी तपासणी लागत नाही. शस्त्रक्रियेच्या आधी भूल देणारे डॉक्टर कागदपत्रं चाळता चाळता सहज विचारल्यासारखं विचारतात, "दोन जिने न थांबता चढता का?" तो सहज विचारलेला प्रश्न नसतो. हृदय आणि फुफ्फुसं किती ताण पेलतील याचा अंदाज त्या उत्तरावरून येतो. म्हणजे भले भले डॉक्टरसुद्धा याची साक्ष काढतात.

वैद्यकाच्या इतिहासात याला एकदा मोठा मान मिळाला, तो लंडनच्या दुमजली बसमध्ये. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार एवढा का वाढतोय याचा शोध घेत होते. लंडनच्या बससेवेत ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच शहरात, जवळजवळ सारख्याच पगारावर काम करत. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर तिकिटं फाडत खाली-वर. कंडक्टरच्या दिवसाला 500 ते 750 पायऱ्या होत. सुमारे 31,000 कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून 1953 साली 'लॅन्सेट'मध्ये मॉरिस यांनी जे छापलं त्यात कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा आणि कमी घातक होत होता. आज ही गोष्ट कुणालाही सुचेल अशी वाटते. तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते.

मॉरिस यांचा मोठेपणा पुढच्या पावलात आहे. जे अंगाने आधीच सुटलेले असतात तेच ड्रायव्हर होत असतील, असं कुणी म्हणालं तर? मग त्यांनी गणवेशांची मापं मागवली. ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला खरंच जास्त रुंद निघाल्या, नव्यानं भरती झालेल्यांच्यासुद्धा. हा निष्कर्ष त्यांनी 1956 साली स्वतःच जाहीर केला, आणि वेगवेगळ्या कंबरेच्या लोकांची वेगवेगळी तुलना करून पाहिली. फरक तरीही उरलाच. स्वतःच्या लाडक्या सिद्धान्तावर स्वतःच अशी टाच मारून बघणारे संशोधक थोडेच. मॉरिस 2009 साली गेले तेव्हा शंभरीला काही महिनेच कमी होते.

आपल्या मुंबईत दुमजली बस 1937 साली आली. मागच्या बाजूचा तो वळणाचा अरुंद जिना, खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटांची पेटी टिकटिकवत, चालत्या गाडीत तोल सांभाळत वर जाणारा कंडक्टर, हे दृश्य दादर-परळच्या माणसाला नव्यानं सांगायची गरज नाही. डिझेलवर चालणारी शेवटची दुमजली बस सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त झाली. विजेवरच्या नव्या दुमजली बसमध्येही जिना आहे, एवढं मला बरं वाटतं.

आता कॅलरींचा हिशेब करणाऱ्यांसाठी वाईट बातमी. सत्तर किलोच्या माणसानं तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत चढलं तर जेमतेम आठ-दहा कॅलरी खर्ची पडतात. चहात बुडवायचं साधं ग्लुकोज बिस्कीट पंचवीसेक कॅलरींचं असतं. म्हणजे एका बिस्किटापायी सगळी इमारत जवळजवळ तीनदा चढावी लागेल, आणि वर पोचल्यावर दमलात म्हणून घरचे चहा-बिस्किटच पुढे करतील. ज्यांना वजन उतरवायचं असेल त्यांनी स्वयंपाकघराकडे आधी पाहावं. जिना त्या कामाचा नाही, आणि त्यानं तसं कधी म्हटलेलंही नाही.

त्याचं काम वेगळं आहे. चढताना दर पायरीला सगळं शरीर उचलावं लागतं. मांडीचे, नितंबाचे आणि पोटरीचे मोठमोठे स्नायू एकदम कामाला लागतात आणि मिनिटभरात हृदयाला जाग येते. सपाट रस्त्यावर एवढी जाग यायला चांगलंच झपझप चालावं लागतं. पूर्वी सांगत की सलग दहा मिनिटं तरी हालचाल झाली पाहिजे, त्याहून कमी धरायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ती अट काढून टाकली. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं दमवणारी हालचाल हवी, हे कायम. पण ती चिल्लर जमवून भरली तरी चालते. ही सुधारणा जणू जिन्याकडे पाहूनच केलेली वाटते, कारण याच्याकडे सगळी चिल्लरच असते. सकाळी दूध आणायला एक मिनिट, संध्याकाळी भाजी घेऊन दीड मिनिट, खाली खेळणाऱ्या पोराला तीनदा हाका मारूनही तो येत नाही म्हणून आणखी एक.

त्या चिल्लरीची किंमत अलीकडे मोजली गेली आहे. 2022 साली 'नेचर मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या, वेगळा व्यायाम अजिबात न करणाऱ्या 25,000 हून अधिक लोकांच्या मनगटांवर हालचाल टिपणारं यंत्र बांधलं आणि पुढे सुमारे सात वर्षं त्यांची खबर ठेवली. दिवसातून तीनेक वेळा, एक-दोन मिनिटंच, पण धाप लागेल अशी काहीतरी धावपळ ज्यांच्या आयुष्यात होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण तशी धावपळ मुळीच नसलेल्यांपेक्षा 38 ते 40 टक्क्यांनी कमी आढळलं. आता यात एक गोम आहे, ती सांगायला हवी: जे मुळात धडधाकट असतात तेच जिने धावत चढतात, आणि निरीक्षणाच्या अभ्यासातून हा गुंता पूर्ण सुटत नाही. म्हणून मला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा लहानसा प्रयोग जास्त भावतो. बैठ्या सवयीच्या तरुणांना त्यांनी साठ पायऱ्यांचा जिना भराभर चढायला लावला, दिवसातून तीन वेळा, मध्ये काही तासांची विश्रांती, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. न चढणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा दमसास वाढला. फार नव्हे, थोडा. पण त्यासाठी ना वर्गणी भरावी लागली ना कपडे बदलावे लागले.

शरीराचं एवढं पुरे. याच्याविषयी मला खरं बोलायचंय ते मनाच्या बाजूनं.

कामावरून परतणारा माणूस डब्यात चेंगरून, फलाटावर ढकलला जाऊन, रिक्षाच्या रांगेत कुणाशी तरी हुज्जत घालून इमारतीच्या दारात येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर दिवसभराचं सगळं साचलेलं असतं. लिफ्ट त्याला तोच चेहरा घेऊन वीस सेकंदांत घराच्या दारात उभा करते. जिना तसं करू देत नाही. पहिल्या नऊ पायऱ्यांत साहेब डोक्यात बोलतच असतात. वळणावर जाळीतून वारा लागतो. दुसऱ्या मजल्यावर कुणाकडे तरी लसणाची फोडणी पडलेली असते, तिसऱ्यावर पाढे चालू असतात, कुणी शंकरपाळ्यांचा डबा पुढे करतं. श्वास वाढला की डोक्यातल्या भाषणाला वाव उरत नाही. शरीर आधी हवा मागतं, मग बाकीचं. चौथ्या मजल्यावर बेल वाजवणारा माणूस तोच असतो, पण साहेब दोन मजले खाली राहिलेले असतात. घरच्यांना याचा किती उपयोग होतो हे त्यांनाच विचारावं.

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात 2017 साली अपुऱ्या झोपेच्या तरुण मुलींवर एक प्रयोग झाला. एकदा त्यांना 50 मिलिग्रॅम कॅफीन दिलं, एकदा दहा मिनिटं साध्या गतीनं जिने चढ-उतर करायला लावलं. जिन्यानंतर त्यांना कॅफीनपेक्षा जास्त तरतरी वाटली, जरी ती फार वेळ टिकली नाही. दुपारी तीनच्या सुमारास मान डुलायला लागल्यावर कँटीनकडे पाय वळतात, त्या वेळी हे आठवायला हरकत नाही. कँटीन तळमजल्यावर असेल तर दोन्ही साधतं.

आणि एकांत. तीन खोल्यांच्या, सहा माणसांच्या घरात एकटं बसायला जागा कुठे असते? दहावीच्या मुलाला कमी मार्क पडले की तो तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर बसतो. घरात शब्दाला शब्द वाढला की नवरा "खाली जाऊन येतो" म्हणतो, आणि खाली पोचायच्या आतच बरेचदा परततो. नव्या नवरीचा माहेरचा फोन इथेच येतो. गच्चीच्या दारापाशी, शेवटच्या पायरीवर, पाठ भिंतीला टेकून किती जणांनी रडून घेतलं असेल याची नोंद सोसायटीच्या कुठल्याही वहीत नाही. कुणी येताना दिसलं की डोळे पुसून बाजूला सरकायचं. येणारा "सांभाळून हं" एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. तेवढं म्हणणारं कुणी असणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. लिफ्टमध्ये चार माणसं असली तरी सगळी वरच्या आकड्यांकडे बघत असतात.

इतकं कौतुक केल्यावर याचे अवगुणही सांगायला हवेत. गुडघ्यांशी याचं फारसं पटत नाही. चढताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो आणि उतरताना त्याहून थोडा जास्तच. म्हणून झिजलेल्या गुडघ्याचा माणूस चढण्यापेक्षा उतरण्याला जास्त भितो, आणि पडझडही उतरतानाच जास्त होते. फिजिओथेरपिस्ट एक सोपं सूत्र सांगतात: चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात फोन नको. चढताना छातीत दुखलं, दडपण आलं, चक्कर आली, किंवा नेहमीपेक्षा फारच लवकर धाप लागली, तर त्याला व्यायाम समजून रेटायचं नाही. थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. अशा वेळी "वर पोचतोच एकदाचा" ही जिद्द नडते.

दुसरा अवगुण याचा म्हणता येणार नाही, आपला आहे. पाठीवर सिलिंडर घेऊन येणारा माणूस पाहा. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो आणि लोखंडाचं वजन धरून एकूण तीसेक किलो. तो खांद्यावर घेऊन एका सकाळी असे किती जिने! त्याला कुणी "काय छान व्यायाम होतो तुमचा" म्हटलं तर त्यानं काय करावं? रोजच्या मजुरीत होणारे श्रम आणि आपण हौसेनं केलेले श्रम यांचा शरीराला सारखा उपयोग होत नाही, असं अलीकडचे बरेच अभ्यास सांगतात. ओझं, घाई, विश्रांतीचा अभाव आणि "नको" म्हणायची सोय नसणं, या सगळ्यांनी हिशेब बदलतो. मॉरिसच्या कंडक्टराकडे तिकिटांची पेटी होती, तीस किलोंचं लोखंड नव्हतं. हल्ली दहा मिनिटांत किराणा पोचवणारी पोरं धावत वर येतात, दारात पिशवी टेकवतात आणि मोबाइलकडे बघत धावत खाली जातात. जिना आरोग्यदायी आहे असं लिहिणाऱ्यानं तो कुणासाठी, हेही त्याच वाक्यात लिहावं. आणि त्या मुलाला पाण्याचा पेला विचारावा, तेवढ्यानं त्याचं उशीर झाल्याचं गणित बिघडत नसेल तर.

आता लिफ्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचा गुडघा आणि चौथ्या मजल्यावरच्या काकांची अँजिओप्लास्टी एकाच वर्षात आली तेव्हा सोसायटीत लिफ्टचा विषय निघाला. तळमजल्यावरच्यांचा सवाल ठरलेला: आम्ही का द्यायचे? सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचं उत्तर छापलेलं आहे. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी देखभालीचा खर्च सारखा वाटून घ्यायचा, मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत. तो छापील कागद वाचून दाखवल्यानंतरही सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. लिफ्ट आली, इमारतीच्या मागच्या बाजूला, बाहेरून चिकटवलेली. ती यायलाच हवी होती. आजी दीड वर्षानं पहिल्यांदा गणपतीच्या मांडवात खाली आल्या, याच्यापुढे जिन्याच्या बाजूनं मांडलेले सगळे युक्तिवाद फिके आहेत.

पण लिफ्ट आल्यावर सगळ्यांत आधी कोण सुटलं तर पहिल्या मजल्यावरचा पस्तिशीचा तरुण. आणि त्याच्या मागोमाग जिन्याचा बल्ब. तो उडाला, पण बदलायची निकड कुणाला वाटली नाही. मग पहिल्या वळणावर एक चपलांचं कपाट आलं, दुसऱ्यावर लहान मुलाची तीनचाकी, तिसऱ्यावर दिवाळीत घराबाहेर काढलेला आणि कुणीच न नेलेला जुना टीव्ही. वर्दळ होती तोवर जागा मोकळी ठेवावी लागत होती. वर्दळ थांबल्यावर आमचा गृहस्थ हळूहळू अडगळीची खोली झाला. आणि आग लागली, वीज गेली किंवा भूकंपाचा धक्का बसला, की याच अडगळीतून अंधारात सगळ्यांनी धावायचं आहे.

नव्या टॉवरांत तर त्याला जन्मापासूनच असं ठेवतात. प्रवेशदारातून आत शिरलं की समोर संगमरवर, आरसे आणि तीन लिफ्ट. जिना विचारावा लागतो. तो एका जड दाराआड, खिडकीविना, पाटीवर धावणाऱ्या हिरव्या माणसाचं चित्र. आगीसाठी हे दार बंद असणं गरजेचं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण समोर एक उजेडाचा, रुंद, निदान पहिल्या दोन-तीन मजल्यांना जोडणारा जिना ठेवायला कुणी अडवलेलं नाही. न्यू यॉर्क शहरानं 2010 साली इमारतींची रचना लोकांना हालचालीला लावणारी कशी असावी यावर पुस्तिकाच काढली, आणि त्यात दर्शनी, हवेशीर जिन्यांवर भर दिला. ग्लासगोच्या एका भुयारी स्थानकात सरकत्या जिन्याशेजारी "जिना वापरा" अशी नुसती पाटी लावली, तर जिन्यानं जाणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं होतं. आपल्याकडे पाट्यांचं वावडं नाही. थुंकू नका, वाहनं लावू नका, विक्रेत्यांना मज्जाव, असं सगळं आपण लिहितो. त्यात एखादी चांगलं काही करायला सांगणारी पाटी बसेल.

जुन्या जिन्यावरून थेट टॉवरात गेलेलेही आहेत. वरळीच्या बीडीडी चाळी 1920 च्या दशकात बांधल्या, तळमजला अधिक तीन. एकेका इमारतीत ऐंशी खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, आणि त्या ऐंशी कुटुंबांची ये-जा तिथल्या जिन्यांवरून. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, चाळीस मजली इमारतींत. शंभर वर्षांनी मिळालेलं हक्काचं स्वच्छतागृह आणि दुसरी खोली यांच्यापुढे जिन्याचा उसासा टाकायचा अधिकार बाहेरच्या कुणालाच नाही. पण तिथे राहायला गेलेल्यांनी एक करून पाहावं: लिफ्टनं दोन मजले अलीकडे उतरावं आणि उरलेले दोन पायी चढावेत. वाटेत शेजारी भेटतात का, तेही बघावं.

आणि बाकीच्यांना, विशेषतः सोसायट्यांच्या सेक्रेटरींना, एक विनंती. येत्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा ठराव मांडाल तेव्हा त्याच्याच खाली आणखी एक ठराव लिहा: जिन्यातले सगळे दिवे आठवड्याच्या आत लावले जातील, कठडा हलतो तिथे डागडुजी होईल, चपलांची कपाटं आणि तीनचाक्या घरात जातील, पायऱ्या पुसल्यावर वाळेपर्यंत तिथे पाटी ठेवली जाईल. खर्च फार येत नाही, आणि या एका बाबतीत तळमजल्यावरचेही हरकत घेणार नाहीत, कारण गच्चीवरच्या टाकीतलं पाणी बघायला त्यांनाही वर यावंच लागतं.